पहिल्यांदाच थेरपीला जाताय? तुमचं घर समजून घेणारा थेरपिस्ट कसा शोधायचा

गेली काही वर्षं मी थेरपी घेतो आहे. मध्ये एकदा थेरपिस्ट बदललाही. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारत असतं, "कुणाकडे जाऊ रे? आणि तिथे नेमकं करतात काय?" दर वेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

बहुतेकांचा पहिला प्रश्न पद्धतीबद्दल असतो. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी, चांगली की आणखी काही? माझं मत असं की पदवी आणि नोंदणी तपासून झाली, की पद्धतीच्या आधी माणूस बघा. तो तुमच्या घराबद्दल विचारतो की गृहीत धरतो? आणि त्याचं काही चुकलं तर ते त्याला तोंडावर सांगता येईल असं वाटतं का? बाकीचं या दोन प्रश्नांनंतर.

१. आधी पाट्या वाचायला शिका

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषधं लिहून देतो. अनेकांना तासभर बोलण्याइतका वेळ नसतो, त्यामुळे दहा मिनिटांत चिठ्ठी हातात पडली तर लगेच नाराज होऊ नका. ते काम वेगळं आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. चाचण्या घेतो, निदानात मदत करतो, थेरपी करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. तिच्या क्रमांकाला सीआरआर क्रमांक म्हणतात आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. क्रमांक मागितल्यावर कोणी रागावलं, तर तिथूनच परत फिरा.

तिसरे समुपदेशक. इथे सगळ्यात जास्त सरमिसळ आहे. मानसशास्त्रात एमए करून, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं काम केलेले उत्तम समुपदेशक मी पाहिले आहेत. शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारेही पाहिले आहेत. समुपदेशकांसह अनेक आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये केंद्राने कायदा केला, पण तुम्ही स्वतः चौकशी करायची जबाबदारी त्याने संपत नाही. शिक्षण कुठे झालं आणि आजही कोणाकडून सुपरव्हिजन घेता का, हे दोन प्रश्न सरळ विचारा. दुसऱ्याचं उत्तर "हो" आलं तर चांगली खूण समजा.

झोप दिवसेंदिवस पूर्ण उडाली असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, जगू नये असं वाटत असेल, तर थेरपिस्ट शोधत बसू नका. थेट मानसोपचारतज्ज्ञ किंवा जवळचं रुग्णालय गाठा. १४४१६ हा टेली-मानस या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.

थकवा आणि उदासी हीच मुख्य तक्रार असेल तर फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइड कमी पडल्यानेही माणूस महिनोन्‌महिने मलूल राहू शकतो.

२. कुठे शोधायचं

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत खासगी थेरपिस्ट भरपूर आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था मराठी माणसाला परकी वाटत नाही. दारूचा प्रश्न असेल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतं आहे, आणि तिथे घरच्यांशीही बोलतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नाव ऐकून दचकू नका, ओपीडीत येणारे बहुतेक लोक त्याच दिवशी घरी जातात. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. तालुक्याच्या गावी असाल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा.

फाडफाड इंग्रजी आणि मोठं क्लिनिक म्हणजे चांगली थेरपी, ही समजूत डोक्यातून काढा. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांसाठी थोडक्या सेशनची एक बोलण्याची उपचारपद्धत बसवली. ती देणारे होते स्थानिक, प्रशिक्षण दिलेले साधे लोक, मानसशास्त्राच्या पदव्या नसलेले. त्यांच्या कामाचा फायदा मोजून पाहिला गेला आणि निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

सापळा: "आमच्या मावसबहिणीची मैत्रीण काउन्सेलर आहे, ती करेल." नको. लग्नकार्यात जिच्याशी गाठ पडणार आहे, तिच्यासमोर तुम्ही अर्धं बोलाल आणि अर्धं गिळाल. चांगला थेरपिस्ट स्वतःच अशी ओळख असलेली केस दुसऱ्याकडे पाठवतो.

३. पहिल्या फोनवर काय विचारायचं

दहा मिनिटांचा फोन बहुतेक जण फुकट देतात. संकोच करू नका.

- शिक्षण, नोंदणी, अनुभव.
- सेशन मराठीत होईल का? घरात ज्या भाषेत भांडता, ती सेशनमध्ये चालली पाहिजे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्यांनी तेही सांगून ठेवावं.
- आई-वडील, सासू-सासरे, दीर-जावा एकत्र राहतात अशा घरांतल्या लोकांबरोबर काम केलंय का?
- माझ्या घरच्यांनी तुम्हाला परस्पर फोन केला तर काय करता?
- फी किती, वेळ किती, आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे लागतात का?

आणि एक अवघड प्रश्न. तो फक्त काही जणांना विचारावा लागतो आणि इतरांना सुचतही नाही: "जातीवरून झालेल्या गोष्टी मला बोलायच्या आहेत, चालेल ना?" धर्म, लैंगिकता, आंतरजातीय लग्न, जे तुमचं असेल ते घाला. उत्तराआधी किती वेळ जातो आणि उत्तर काय येतं, दोन्हीकडे लक्ष द्या. "आम्ही इथे जातपात मानत नाही" हे ऐकायला छान आहे, पण ऑफिसात आडनाव विचारून वागणूक बदलली, हे सांगणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. पुढे हेच वाक्य "तुम्ही फार मनाला लावून घेता" इथपर्यंत जातं. त्यापेक्षा "सांगा, आणि माझं कुठे कमी पडलं तर तेही सांगा" असं म्हणणारा कितीतरी बरा, मग तो कुठल्याही आडनावाचा असो.

समलैंगिक व्यक्तीला "बदलता येईल" असं आश्वासन देणाऱ्याकडे पुन्हा फिरकू नका. डॉक्टरांसाठी तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

आपल्यातलाच थेरपिस्ट मिळाला की सोपं जातं, असं सगळे म्हणतात. काही अंशी खरं आहे. देवघर, हळदीकुंकू, भाऊबंदकीतला जमिनीचा दावा, हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. पण त्याचाच तोटाही होतो. "कळलं, कळलं, आपल्याकडे असंच असतं" म्हणून तो पुढे सरकतो आणि तुमच्या घरात ते नेमकं कसं होतं, हे सांगायचं राहून जातं.

४. बरोबर काय न्यायचं

- ओळखपत्र, सरकारी रुग्णालयात केसपेपरसाठी आधार कार्ड असलेलं बरं
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीच्याही
- आधीच्या तपासण्या, आधी कुठे दाखवलं असेल तर ते कागद
- झोप, भूक, पाळी यांच्या दोन आठवड्यांच्या नोंदी, जमल्यास
- घरातल्या माणसांची यादी: कोण कुठे राहतं, कोण कमावतं, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे

ही शेवटची यादी फार उपयोगी पडते. एका कागदावर तीन पिढ्या काढा. आजोबांची दारू, आत्याचं मोडलेलं लग्न, जन्मल्यावर गेलेलं भावंड, सगळं. चांगला थेरपिस्ट असा आराखडा स्वतःही काढायला घेतो, तुमचा तयार असला तर अर्धं सेशन वाचतं.

५. पहिली काही सेशन

पहिल्या दिवशी एक संमतीपत्र मिळायला हवं: फी, गोपनीयता, गोपनीयतेचे अपवाद. नाही मिळालं तर मागा.

मग प्रश्न सुरू होतात. "छातीत धडधडतं", "डोक्यात मुंग्या येतात", "जीव गुदमरतो", जे होतं ते तसंच सांगा. नेटवर वाचलेलं निदान सांगायची घाई नको. शरीराची तक्रार ऐकून थेरपिस्टने "पण मनात काय चालतं ते सांगा" असं तोडलं, तर समजा त्याला तुमची भाषा अजून आली नाही. धडधड कधी होते, तेव्हा घरात कोण असतं, हे विचारणारा बरोबर रस्त्यावर आहे.

आपण जाताना मनात गुरूच घेऊन जातो. त्याने मार्ग सांगावा, आपण चालावं. यात लाजण्यासारखं काही नाही. जसवंतसिंग नेकी या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की गुरु-शिष्याचं नातं भारतीय थेरपीसाठी एक नमुना ठरू शकेल. त्यामुळे "मी सल्ला देत नाही" एवढंच म्हणून कोरडा बसणारा थेरपिस्ट आपल्याला परका वाटतो, आणि ते वाटणं त्याला सांगायला हवं. पण "घटस्फोट घ्या", "नोकरी सोडा", "आईला गावी पाठवा" असे निर्णय जो दुसऱ्या भेटीत सुनावतो, त्याच्यापासून लांब राहा.

एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: आपण कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर स्वतःला हेच विचारा. माणूस आवडतो, पण आपण करतोय काय ते कळत नाही, असं असेल तर तसं बोला.

पद्धतीचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ पद्धत बरीच प्रचलित आहे. कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली. विचारांवर काम करणारी, गृहपाठ देणारी पद्धत आहे आणि अनेकांना मानवते. मात्र "नवऱ्याने मारू नये हा तुमचा हट्टी आग्रह आहे" अशा अर्थाचं काही कानावर आलं, तर दोष त्या पद्धतीचा नाही, ती कुठे वापरायची हे न कळणाऱ्याचा आहे. घरात हिंसा असेल तिथे आधी सुरक्षितता, विचार नंतर.

६. घर सेशनमध्ये येणारच

खरा गुंता इथे आहे. परदेशात लिहिलेल्या पुस्तकांत एकटा माणूस खुर्चीत बसतो आणि स्वतःबद्दल बोलतो. आपल्याकडे त्याच्याबरोबर आईचं ब्लडप्रेशर, बहिणीचं लग्न आणि गावाकडच्या घराचे हप्तेही येतात. थेरपिस्टने यांना बाजूला ठेवलं तर जे उरेल त्यावर फारसं काम होत नाही.

दोन टोकं टाळा. एक थेरपिस्ट असा असतो की प्रत्येक गोष्टीवर त्याचं एकच औषध: सीमा आखा, नाही म्हणा, वेगळे राहा. दोन खोल्यांच्या घरात, सासूबाई मुलांना सांभाळतात म्हणून नोकरी करता येणाऱ्या बाईला हे सांगणं निरुपयोगी आहे. दुसरा म्हणतो, "शेवटी आई-वडीलच ते, थोडं सोसा." हा घरातल्या काकांचंच काम करतो, फरक इतकाच की फी घेतो.

मधला माणूस कसा ओळखायचा? तो विचारतो: नाही म्हटलं तर घरात पुढे काय होईल? कोण बोलायचं थांबेल? कोणाला त्रास होईल? तुमच्या बाजूचं घरात कोण आहे? मग एखादी छोटी गोष्ट ठरते. पगार पूर्ण हातात देण्याऐवजी ठरावीक रक्कम देणं. रविवारी दोन तास बाहेर जाणं आणि कुठे ते न सांगणं. किंवा वडिलांशी थेट न बोलता आत्याला मध्ये घेणं. आपल्याकडे मध्यस्थ घालून बोलायची रीत जुनीच आहे. तिला भित्रेपणा न समजता साधन म्हणून वापरणारा थेरपिस्ट मिळाला तर टिकवा.

घरच्यांना किती सांगायचं हे आधीच ठरवा. नवरा, बायको किंवा आई फी भरत असेल तर "काय बोललात आज?" हा प्रश्न येणारच. ठरलेलं एक उत्तर तयार ठेवा: "झोपेवर काम चाललंय." पुरतं.

गोपनीयतेचं कायदेशीर अंग असं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. अपवाद आहेत: कोणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला द्यावी लागणारी माहिती. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याखाली थेरपिस्टला तक्रार करावीच लागते. हे त्याने पहिल्याच सेशनमध्ये सांगायला हवं. समुपदेशक २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत बसतोच असं नाही, म्हणून त्याच्याकडे लेखी संमतीपत्राचा आग्रह जास्त धरा.

नवरा-बायकोने एकत्र जायचं असेल तर दोघांपैकी एकाचा जुना थेरपिस्ट घेऊ नका. तिसरा शोधा.

७. समजून घेण्यात चुकलं तर बोला

हे सगळ्यात अवघड आहे, कारण वडीलधाऱ्यांना आणि डॉक्टरांना उलट बोलायचं नाही हे अंगात मुरलंय. थेरपिस्ट काही बोलतो, आपल्याला खटकतं, आपण "हो हो" म्हणतो, पुढच्या आठवड्यात "गावी चाललोय" असा मेसेज टाकतो आणि पुन्हा जात नाही. कितीतरी जणांची थेरपी अशी गपचूप बंद पडते.

बोलता येत नसेल तर लिहा. सेशनच्या आदल्या रात्री दोन ओळी पाठवा: "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की बाबांवरचा राग मोकळा करा. बाबा जाऊन वर्षही झालं नाही, मला ते जमत नाही आणि ऐकून वाईट वाटलं." मग पुढच्या भेटीत काय होतं ते बघा. तो समजावत सुटला, की तुमचाच प्रतिकार आहे, तर बेतास बात. थांबून "मी घाई केली, वर्षश्राद्ध कधी आहे?" असं विचारलं, तर तुम्हाला माणूस मिळाला. घरात कधी न मिळालेली गोष्ट, म्हणजे रागावून बोललो तरी नातं तुटलं नाही, ती इथे पहिल्यांदा अनुभवाला येते. माझ्या मते थेरपीचा निम्मा गुण यातच आहे.

"अहो" म्हणायचं की नावाने, मॅडम की ताई, हेही विचारून घ्या. ताई म्हटल्याने मोकळं वाटत असेल तर तसं सांगा. काही थेरपिस्ट नको म्हणतील आणि कारणही सांगतील.

८. कुलदैवत, पत्रिका आणि बुवा

थेरपी घ्यायची म्हणजे नवस, वारी, उपास सोडायचे असं नाही. समजदार थेरपिस्ट विचारतो की वारीला गेल्यावर कसं वाटतं, कोण बरोबर असतं. तुमच्या श्रद्धेवर हसणारा नको आणि सेशनमध्ये पत्रिका काढणाराही नको.

बाहेरची बाधा म्हणून कोणी मारहाण, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी असले प्रकार करत असेल, तर २०१३ च्या महाराष्ट्रातल्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे. आणि मांत्रिकाने सांगितलं म्हणून चालू असलेली औषधं बंद करायची नाहीत.

९. पैसे

शहरातल्या खासगी सेशनला साधारण हजारापासून तीन हजारांपर्यंत मोजावे लागतात, ४५ ते ६० मिनिटांसाठी. सवलत मागा, अनेक जण काही जागा कमी फीच्या ठेवतात. आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी चालेल का, हेही विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे थेरपीचा खर्च खिशातूनच धरा.

१०. ऑनलाइन आणि परदेशातून

ऑनलाइनचा मोठा अडसर म्हणजे बंद दार. इअरफोन लावा, गच्ची, पार्क केलेली गाडी, मैत्रिणीचं घर, काहीही चालेल. कोणी अचानक आत आलं तर विषय बदलायचा एक इशारा थेरपिस्टशी ठरवून ठेवा.

अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो. न्यू जर्सीतला मराठी थेरपिस्ट टेक्ससमधल्या तुम्हाला घेऊ शकेलच असं नाही, आधी विचारा. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीजसाठी जीपीच्या (तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. तिथे 'काउन्सेलर' ही पदवी कायद्याने राखीव नाही, म्हणून बीएसीपीसारख्या समुपदेशकांच्या व्यावसायिक संस्थेची नोंदणी पाहा.

११. बदलायचं किंवा थांबायचं झालं तर

सहा-आठ सेशननंतरही काहीच हललं नाही, किंवा थेरपिस्ट स्वतःचीच दुःखं सांगू लागला, सेशनबाहेर भेटायला बोलावू लागला, पैसे उसने मागू लागला, तर बदला. शेवटच्या दोन गोष्टींत समजावत बसू नका, त्याच दिवशी थांबा आणि नोंदणी असेल तर त्या परिषदेकडे तक्रार करा.

बरं वाटतंय म्हणून थांबत असाल तर एकदम गायब होऊ नका. दोन-तीन सेशन आधी सांगा, अंतर वाढवत न्या. मानसोपचारतज्ज्ञाची औषधं चालू असतील तर ती त्यालाच विचारून कमी करायची. निघताना आपल्या उपचारांच्या नोंदींची प्रत मागा. २०१७ च्या कायद्यातलं कलम २५ तो हक्क देतं. पुढे गाव बदललं आणि नव्या थेरपिस्टकडे जावं लागलं, तर सगळं पहिल्यापासून सांगायची वेळ येणार नाही.